पंचमीचा झोका आणि माझी पाठ

तुम्ही आत्ता उताणे पडलेले असाल आणि शेजारी बसलेलं कुणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवत असेल. उताण्या माणसाला पुस्तक धरता येत नाही, हात भरून येतात, मला माहीत आहे. वाचणाऱ्याला म्हणावं, सावकाश वाच बाबा, आपल्याला कुठं गाडी गाठायचीय. मधेच डोळा लागला तर लागू द्या. मी थांबते.

मी काही शिकलेली बाई नाही. लेकाच्या पाटीवर त्याच्यासोबत अक्षरं गिरवली, तेवढीच माझी शाळा. म्हणून आजाराची मोठमोठी नावं मला विचारू नका. माझ्या पाठीचा मणका मोडला होता आणि कमरेच्या खाली मी नव्हतेच, एवढं मला सांगता येतं. बाकी जे सांगायचं ते झोक्याचं आहे.

झोका

आमचं गाव पाली, बीडच्या जवळच. गावाच्या अंगाला बिंदुसरेचं धरण. नागपंचमीला लेकी माहेरी येतात आणि आमच्या गल्लीतल्या थोरल्या लिंबाला, म्हणजे कडुलिंबाला, झोका बांधतात. बसून घ्यायचा झोका नव्हे बरं का. फळीवर दोघीजणी तोंडासमोर तोंड करून उभ्या राहायच्या, एकीनं खाली बसायचं, दुसरीनं उठायचं, असा तो चढवत न्यायचा. समोरच्या फांदीला चिंधी बांधलेली असते. जी जोडी पायानं ती चिंधी शिवेल ती जिंकली. वरची गल्ली आणि खालची गल्ली, अशी चुरस. बाया असल्या ओरडतात की गुरं दावं तोडतील.

साठी ओलांडली तरी मी चिंधी शिवत होते. माझी जोडीदारीण म्हणजे माझी धाकटी जाऊ, कौसा. ती लग्न होऊन आली तेव्हापासून जोडी आमचीच. कधी भांडण होऊन बोलणं बंद असलं तरी पंचमीला जोडी तीच.

चिंधीपाशी पोचलं की एक गोष्ट व्हायची, ती मी कुणाला सांगितली नव्हती. घरांच्या माळवदावरून, पार पलीकडं, धरणाचं पाणी दिसायचं. चांदीच्या ताटासारखं. डोळ्याचं पातं लवेस्तोवर दिसायचं आणि जायचं. मी त्या पाण्यासाठीच झोका चढवायचे. चिंधीचं निमित्त.

त्या वर्षी झोक्याचा सोल, म्हणजे तो जाड दोर, एका जागी विरलेला निघाला. एक माहेरवाशीण म्हणाली, "एवढा भाग कापून टाका आन जोडा की."

कौसा कडाडली, "आज इळा लावतेत का गं कशाला? शहरात जाऊन पार इसरलीस काय?"

तिचंही बरोबरच होतं. पंचमीला आमच्याकडं काही चिरत नाहीत, कापत नाहीत, जमीन खणत नाहीत. चुलीवर तवा सुद्धा ठेवत नाहीत, पुरणाची दिंडं उकडायची आणि खायची. नागाला कुठं लागू नये, दुखू नये, एवढंच त्यामागं. मग कौसानं विरलेला भाग मधे घेऊन वरून गाठ मारली. आम्ही सगळ्यांनी लोंबकळून बघितलं. गाठ हलली नाही. आम्ही हसलो आणि चढलो.

चिंधीला पाय लागला. पाणी दिसलं. आणि गाठ सुटली.

कौसाच्या हातात दुसऱ्या बाजूचा सोल राहिला, ती लोंबकळली. मी मात्र सुटले. पडताना भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू. लई वेळ लागला पडायला. पाणी डोळ्यांपुढून जाईना. मग एकदम कानाशी माती आली, आणि लिंबाच्या पिवळ्या पानावरून एक मुंगी चाललेली दिसली, इतकी जवळ की मला तिच्या मिशा दिसत होत्या.

"आक्का, उठा," कौसा म्हणाली.

"उठते की."

मी उठले, असं मला वाटलं. पायांनी काही ते ऐकलं नव्हतं.

दिवेलागण

बीडच्या दवाखान्यात फोटो काढले, नळीत घालून आवाज ऐकवले, आणि दिवेलागणीला डॉक्टर माझ्या उशाशी येऊन म्हणाले, "नसा दबल्यात. ऑपरेशन आजच करावं लागेल. थांबलो तर पाय जातील. आज केलं तरी सगळं परत येईल असं वचन मी देत नाही."

कौसा दाराशी उभी होती. तळहात सोलून निघालेले, त्यांना पदर गुंडाळलेला. ती म्हणाली, "आज न्हाई साहेब. आज पंचमी हाय. आमी आज भेंडीला सुरी लावीत न्हाई, आन माणसाच्या पाठीला लावायची? उद्या दिवस उगवला की करा."

माझा लेक दत्ता पुण्याहून पंचमीसाठी आलेला. तो उसळला. "काकू, तुमच्या ह्या पंचमी पाळण्यानंच तर ही वेळ आली! दोरी कापून जोडली असती तर माय आज हितं असती का?"

"म्हंजे मी पाडलं का रे तुझ्या मायला?"

"मी असं कुठं म्हणलो?"

"म्हणलास की! तोंडावर म्हणलास!"

आमचे मालक भिंतीला टेकून, टोपी हातात घेऊन उभे होते. ते फार कमी बोलतात. ते म्हणाले, "तिलाच इचारा. पाठ तिची हाय."

सगळे उशाकडून माझ्याकडं वाकले. उताण्या माणसाला सगळ्यांची तोंडं उलटी दिसतात, हनुवटी वर आणि कपाळ खाली. जन्मभर मी पंचमी पाळलेली. एकदाही मोडली नव्हती. माझ्या आईनं नाही, आजीनं नाही. वर छताला पंखा फिरत होता आणि मला तो झोक्यासारखाच वाटत होता, येतोय, जातोय.

मी म्हणाले, "कौसे, आज जमीन कावून खणत न्हाईत? खाली नाग असतो, तेला लागू नये म्हणून. माझ्या पाठीत कुठला आलाय नाग? करा साहेब."

म्हणाले खरी. पण गाडी ढकलत आत नेताना मी तोंडातल्या तोंडात नागोबाची माफी मागत होते, हे पण खरं आहे. कौसा बाहेरच्या बाकावर बसली नाही. ती निघून गेली.

उताणी

बेशुद्धीतून वर आले तेव्हा मी झोक्यावरच होते. हे ज्याला झालंय त्यालाच कळेल. खाट वर जायची, खाली यायची. नर्सबाई माझ्या उशाशी काही बोलायची, तिचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा. मी तिला म्हणाले, "बाई, जरा झोका थांबव." ती म्हणाली, "थांबवलाय आजी." किती गुणाची! वाद घातला नाही.

दवाखान्यात दिवस मोजू नका. मी मोजले नाहीत. उजेड खिडकीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला की एक दिवस. सकाळी मला ओंडका फिरवावा तसं चौघी मिळून कुशीवर करायच्या, पाठ पुसायच्या, पावडर लावायच्या, पुन्हा उताणी. मग डॉक्टर येऊन तळपायाला टाचणी लावून विचारायचे, "काही कळतं?" मी आधी लाजेखातर "हो" म्हणायचे. तुम्ही असं करू नका. कळत नसेल तर नाही म्हणा.

भीतीचं सांगते. मला मरणाची भीती नव्हती. मला भीती होती की आता उरलेला जन्म माझं सगळं, अगदी सगळं, दुसरं कुणीतरी करणार. पहिल्यांदा लघवीची पिशवी बघितली तेव्हा मी तोंड भिंतीकडं केलं आणि दिवसभर कुणाशी बोलले नाही. पुढं सवय होते. पिशवीची सवय होते आणि मग तिची लाज पण जाते, एवढं लक्षात ठेवा.

एकदा दुपारी मालक आले आणि म्हणाले, "केसाचा पार चोथा झालाय की." माझे केस गुंतून गठ्ठा झाला होता. आमच्या एवढ्या संसारात ह्या माणसानं कधी फणी हातात धरली नव्हती. पण अंबाडीच्या दोऱ्या वळण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. त्यांनी स्टुलावर बसून, बोटं ओली करून, एकेक बट सोडवली आणि बैलाचं दावं वळावं तशी माझी वेणी वळली. घट्ट! डोळे वर ओढले गेले माझे.

मी म्हणाले, "आता ह्या दाव्याला बैल बांधा."

त्यांनी वेणीचं टोक आपल्याच मनगटाला गुंडाळलं आणि म्हणाले, "बांधलाय की."

पडल्यापासून मी पहिल्यांदा तेव्हा रडले. ते तसेच बसून राहिले, मनगट न हलवता.

कोण खरं

भेटायला येणारे आपापलं घेऊन येतात. कुणी म्हणे नागोबाचा कोप. कुणी म्हणे मागच्या जन्मीचं. एक चुलतसासू तर पिशवीतून केळी काढता काढता म्हणाली, "सुरी लावायला नको होती गं त्या दिवशी." दत्ता म्हणायचा, सगळं थोतांड आहे, विरलेला दोर म्हणजे विरलेला दोर. आणि पायांना तर काही येईना. टाचणी मुकीच.

कौसा दवाखान्यात आलीच नाही. दत्ताला वाटायचं ती तोंड लपवते. मला वेगळंच वाटायचं. पडून राहिलं की माणूस विचार लई करतो. नागोबा खरा असेल तर कौसाची गाठ बरोबर होती, चूक सुरीची. आणि नागोबा खोटा असेल तर सगळं कौसाच्या गाठीवर येतं. तिला नागोबा खरा हवाच होता. त्याच्यावाचून ती जगणार कशी? पण मग माझे पाय गेले ते मी त्या दिवशी "करा" म्हणाले म्हणून. दोघींपैकी एकीलाच सुटका. असा तो फास होता.

अशाच एका दुपारी, उजेड खिडकीच्या मधोमध असताना, मला स्वप्न पडलं. की जागीच होते, कोण जाणे. माझ्या खाटेशेजारी फरशीवर नाग पडला होता. फणा काढलेला नाही, फुत्कार नाही. नुसता लांबलचक, माझ्यासारखाच. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला एकदम दिसलं की अरे, याला पाय नाहीत!

जन्मभर पाटावर चंदनानं त्याला काढला, लाह्या वाहिल्या, दूध दाखवलं, आणि हे कधी मनात आलं नव्हतं. ज्याला मी पूजत आले त्याला पायच नव्हते, आणि मी कधी त्याची कीव केली नव्हती. तो जमिनीला लागून असतो. पडायला त्याला वरच नाही. आणि तरी तो सगळीकडं जातो.

मी त्याला विचारणार होते, माझे पाय तू नेलेस का? पण विचारावंसं वाटेना. झोपलेल्या लेकराला उठवू नये तसं वाटलं. मी एवढंच म्हणाले, "पडा. जागा लई हाय."

त्या दिवसापासून माझं मागणं बदललं. आधी मी रोज म्हणायचे, देवा, पाय दे. मग म्हणू लागले, देवा, शेजारी राहा. पाय दे म्हटलं की रोज संध्याकाळी हिशेब चुकायचा, दिले नाहीत म्हणून. शेजारी राहा म्हटलं की कुणी ना कुणी असायचंच. नर्सबाई असायची, मालक असायचे. हे तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. तुमचा देव वेगळा असेल, नसेलही. मला त्यानं झोप लागायला लागली.

खिडकीकडं बघा

व्यायामाला शबाना नावाची पोरगी यायची. बीडचीच, हसरी, चूक झाली की पाठीत धपाटा घालील अशी. ती माझा पाय उचलून वाकवायची आणि म्हणायची, "आजी, पायाकडं नका बघू ना. उधर खिडकीकडं बघा. बघितलं की तो लाजतो."

एकदा खिडकीकडं बघता बघता मला बिंदुसरेचं पाणी आठवलं. त्याच क्षणी शबाना किंचाळली, "अरे वा! अंगठा! आजी, अंगठा!"

"काय झालं अंगठ्याला?"

"हलला ना! तुमीच हलवला!"

मला काही कळलं नव्हतं. ती पोरगी मात्र वॉर्डभर सांगत सुटली, जणू घरात बाळ झालंय. पुढं कितीतरी दिवस अंगठ्यापलीकडं काही गेलं नाही. हेही सांगायला हवं. लोक अंगठ्याचं सांगतात आणि पुढचे रिकामे दिवस सांगत नाहीत.

घरी

घरी आले ती चाकाच्या खुर्चीतूनच. दोघांच्या आधारानं उभी राहायचे, उजवा पाय ऐकायचा, डावा बहिरा. ओसरीवर खाट टाकली. दुसऱ्या सकाळी कौसा आली. उंबऱ्याशी थांबली.

मी म्हणाले, "ये की. का पंचांग बघून येणार हायस?"

ती आली आणि खाली फरशीवर बसली, पाय लांब करून. तेव्हा मी तिच्या टाचा बघितल्या. भेगांनी फाटून पार नांगरटीसारख्या झालेल्या.

"चपला कुठायत तुझ्या?"

तिनं टाचा पदराखाली ओढल्या. मालक आतून म्हणाले, "तू पडल्यापून घालीत न्हाई ती. नारायणगडाच्या देवाला अनवाणी जाऊन आली. तू चालूस्तोर घालणार न्हाई म्हणती."

मी दवाखान्यात पडून म्हणत होते, ती आली नाही, आली नाही. आणि ती माझ्या वाटणीचं चालत होती.

कौसानं तेलाची वाटी गरम केली आणि मला कुशीवर करून पाठ उघडी केली. माझ्या पाठीवरची ती टाक्यांची लांब खूण मी कधी बघितलेली नाही, आपली पाठ आपल्याला कुठं दिसते. कौसा पहिल्यांदाच बघत होती. तिचा हात थांबला.

"काय गं? एवढं वाईट हाय का?"

"आक्का," ती हळूच म्हणाली, "तुमी म्हणलाव, माझ्या पाठीत कुठला आलाय नाग. हितं तर हाय की. चांगला हातभर हाय. वर फणा, खाली शेपूट."

मला तिच्या आवाजात भीती ऐकू आली. आता ही म्हणणार, बघा, सुरी लावलीत आणि नागाला लागलं. मी वाट बघत पडले.

तेल माझ्या मानेखाली पडलं. कोमट. मग तिची बोटं खाली सरकत गेली, टाक्याटाक्यावरून, दबकत, जशी आम्ही पाटावर चंदनाचं बोट ओढतो. शेपटीपाशी ती आली आणि म्हणाली, "किती दुखलं आसल हो तुमाला."

बस, एवढंच. कोप नाही, दोष नाही. तिनं गाठीचं नाव काढलं नाही आणि मी सुरीचं काढलं नाही. मी म्हणाले, "दुखलं. आता तू चोळ."

ती रोज येऊ लागली. दत्ता सुट्टीला आला तेव्हा त्यानं हे बघितलं आणि गुपचूप जाऊन बीडहून तिच्यासाठी चपला आणल्या. तिनं त्या कोनाड्यात ठेवल्या. म्हणाली, "आसू दे. आक्का लिंबापर्यंत आल्या की घालीन."

लिंबापर्यंत

पुढची पंचमी आली तेव्हा मी काठीवर होते. डावा पाय अजून उचलत नव्हता, घासत यायचा. अजूनही घासतो. डॉक्टर म्हणतात, एवढंच राहील. राहू द्या.

पंचमीच्या आदल्या दिवशी, चवथीला, भावाचा उपास असतो बायकांना. त्या दिवशी कौसा उपाशीपोटी विळा घेऊन लिंबाखाली गेली. सोल पुरा सोडून तिनं जमिनीवर पसरला, बोटानं वीतवीत चाचपला, आणि जिथं शंका आली तिथं कापला. मग मालकांना हाक मारली, "भावजी, जोडा हे." त्यांनी ओसरीवर बसून नवी अंबाडी घालून तो जोड वळला. आता आमच्या गल्लीत सोल चवथीलाच कापून जोडतात. पंचमीला विळा लावत नाहीत. दोन्ही पाळलं जातं, कुणाला दुखत नाही.

पंचमीला मी चालत गेले. ओसरीपासून लिंबापर्यंत. पोरींनी ओरडायचं थांबवलं आणि वाट केली. झाडाला हात लावला आणि मागं वळून म्हणाले, "घाल गं चपला."

कौसानं पिशवीतून चपला काढल्या, घातल्या, चार पावलं चालली, आणि लगेच काढून ठेवल्या. "झोक्यावर चपला घालतेत व्हय?"

"कुणाच्या झोक्यावर? मी न्हाई चढणार."

"उभं राहायला कोण सांगतंय तुमाला? बसा की."

मला फळीवर बसवलं. ती माझ्या मागं, फळीच्या दोन टोकांवर पाय देऊन उभी राहिली. तिचे गुडघे माझ्या पाठीला लागत होते, बरोबर त्या खुणेला, दोन्ही बाजूंनी धरल्यासारखे. वर चिंधी बांधलेली होती. कुणी तिचं नावही काढलं नाही.

कौसानं झोका हलवला. जेमतेम. घरातला पाळणा हलवावा इतकाच. धरणाचं पाणी काही दिसलं नाही. दिसली ती माणसं. मालक डोळे पुसताना दिसले, दत्ता फोन धरून उभा होता पण फोटो काढायचं विसरलेला. मातीतून एक मुंगी पिवळं पान ओढत निघाली होती. मुंगी तीच असेल असं मी धरून चालले.

उजवा पाय मी वर धरला. डावा धरता येईना, तो मातीत घासत येत-जात होता. झोकाही जरा वाकडाच चालला होता.

"थांबा," कौसा म्हणाली आणि तिनं झोका थांबवला. वरून वाकून ती खाली मातीत बघत होती. मीही बघितलं.

माझ्या बहिऱ्या पायानं मातीत एक लांब, वळणावळणाची रेघ ओढली होती.

कौसा उतरली. पदराच्या गाठीतून चिमूटभर लाह्या काढल्या, थोड्या माझ्या हातावर दिल्या आणि म्हणाली, "वाहा आक्का. यंदाचा तुमी काढलाय."